पाठीमागचे मालवण

मालवणात येणारा पाहुणा समुद्राकडे तोंड करूनच उतरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधकामाला आरंभ केला, तो सिंधुदुर्ग समोर पाण्यात उभा असताना पाठीमागे वळून कोण पाहील? धक्क्यावरून होडी, किल्ल्याची फेरी, तारकर्लीची वाळू, हल्ली पाण्यात बुडी मारून रंगीत मासे पाहण्याची सोय, दुपारी बांगडा नाहीतर सुरमई, आणि शेवटी काजूगरांची पिशवी घेऊन परतीची गाडी. दोन दिवसांत मालवण होते. पाहुणा खूश होतो, आम्हीही खूश होतो. कारण गावातल्या कित्येक चुली आता या पाहुण्यावरच पेटतात.

या लेखात मात्र मी वाचकांना थोडा वेळ समुद्राकडे पाठ करून उभे राहायला सांगणार आहे. किनाऱ्यावरची माडांची राई संपते आणि जांभ्या दगडाच्या टेकड्या सुरू होतात, त्या दोहोंच्या मध्ये ठिकठिकाणी सखल जमिनीचे पट्टे आहेत. पावसाळ्यात तेथे भाताखेरीज काही दिसत नाही. पण दिवाळी सरली, की हेच पट्टे पुन्हा कूस बदलतात. लाल माठाचे वाफे, मुळ्याचे सरळ वरंबे, मांडवावर चढलेली वालीची वेल, मिरचीची टवटवीत रोपे, आणि या सगळ्यांना चिकटून वाहणारा पाटाचा हातभर रुंद प्रवाह. हे आमचे हिवाळ्यातले मळे. गेले सहा हिवाळे मी यांतल्या एका तुकड्यावर घालवले आहेत, आणि जे पाहिले ते वहीत टिपून ठेवले आहे. त्या वहीतले काही सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

कोकणात हिवाळा नसतो, असे घाटावरची मंडळी नेहमी म्हणतात. नाशिककडे द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवण्याची पाळी येते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, आणि मालवणात पौषातही दुपारी अंगातून घाम निथळतो. तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण हिवाळा काय फक्त पाऱ्यावर मोजायचा असतो? आमच्याकडे तो पहाटेच्या वाऱ्यावर ओळखतात. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा रात्री पडतो आणि उत्तररात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटते. ही मतलई जरा बोचरी लागू लागली, गवताच्या पात्यांवर दव दिसू लागले, की मळेकरी माणसे म्हणतात, आता माठ पेरायला हरकत नाही.

खरे तर त्याची पहिली वर्दी याच्याही आधी मिळते. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी आपण कारीट फोडतो. हे कडू फळ कोणी मुद्दाम लावत नाही. पावसाच्या अखेरीस वईच्या कडेने त्याची वेल आपोआप पसरते आणि दिवाळीच्या सुमारास पिकू लागते. पायाच्या अंगठ्याखाली ते फुटले, जिभेवर त्याचा कडू थेंब टेकवला, की पावसाळी रानाचा हिशेब संपला. पाडव्याला श्रीदेव रामेश्वर आणि नारायण यांच्या पालख्या गावातून फिरतात, सारी बाजारपेठ रस्त्यावर येते. त्या गर्दीतही मळेकऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: व्हाळाला पाणी किती आहे?

व्हाळ म्हणजे ओढा. या एका शब्दावर आमचा सारा हिवाळा उभा आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि टेकड्यांवरून धावत समुद्राला मिळतो. जांभा दगड सच्छिद्र, वरची माती पातळ. पाणी धरून ठेवणे तिला जमत नाही. त्यामुळे ज्या गावात जुलैत घरातून बाहेर पडणे मुश्कील, त्याच गावात एप्रिलमध्ये कळशीसाठी रांग लागते. या दोन टोकांच्या मधले चार महिने व्हाळ सावकाश झरत असतो. ते पाणी जो अडवील त्याचा हिवाळा हिरवा.

कापणी झालेल्या शेतात नुसत्या ओलीवरही पीक येते. भात काढल्यावर चिखल सुकण्यापूर्वी नांगर धरून कुळीथ फेकला, की त्याला पुढे पाण्याचा थेंब लागत नाही. रात्रीचे दव आणि मातीतली ओल एवढ्यावर तो जगतो. मालवणी घरात कुळथाच्या पिठीला जो मान आहे, तो या गरिबीतल्या इमानामुळेच असावा. जेथे पाटाचे पाणी भरपूर, तेथे वायंगणी भात लावतात. म्हणजे वर्षातले दुसरे भात. आणि जेथे पाणी बेताचे, तेथे भाजी, मिरची, नाहीतर शेणखताने भरलेल्या खड्ड्यांत कलिंगडे. पावसाआधी लावलेली कणगरे आणि करांदे याच दिवसांत खणून निघतात. मीठ घालून उकडलेले गरम कणगर आणि कोरा चहा हा आमच्या मळ्यातला सकाळचा फराळ आहे. हॉटेलच्या फळ्यावर तो कधी लिहिलेला आढळणार नाही.

आमच्या मळ्यात एकूण बावीस तुकडे आहेत. कोणाचा दोन गुंठे, कोणाचा तीन. माझा दीड गुंठ्यांचा, आणि तोही माझा नव्हे. तो काकींचा. काकी सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे पावसाळी भात आता अर्धेलीने दुसरा करतो. पण हिवाळी मळा त्यांनी हातचा सोडलेला नाही. त्यांतला एक कोपरा मला दिला तेव्हा करार तोंडीच झाला: पहिली तोडणी काकींच्या घरी, बाकीची माझी, आणि बांधाच्या दिवशी गैरहजेरी चालायची नाही.

विलायतेत अशा तुकड्यांना कायद्याचा आधार आहे. १९०८ साली तेथे जो कायदा झाला, त्यान्वये नागरिकांना भाजी पिकवण्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने देणे स्थानिक सभांवर बंधनकारक ठरले. त्या तुकड्याचे परंपरेने ठरलेले माप दहा रॉड, म्हणजे आपले अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात बोटी बुडू लागल्या तेव्हा या अडीच-अडीच गुंठ्यांनी त्या देशाच्या ताटात बटाटे वाढले. आमच्या मळ्याचे तुकडेही जवळपास त्याच मापाचे निघावेत, याची मला गंमत वाटते. एका कुटुंबाला पुरेल आणि एका माणसाच्या कमरेला झेपेल, एवढी जमीन सगळ्या देशांत सारखीच असावी. फरक एवढाच, की त्यांचा माळी हिवाळ्यात गोठलेल्या मातीकडे खिडकीतून पाहत बियाण्याच्या याद्या करीत बसतो, आणि आमचा माळी चार महिने घरात कोंडून घेतल्यावर हिवाळ्यात कुठे बाहेर पडतो.

बांध घालण्याचा दिवस हा आमच्या मळ्याचा सण. साधारणतः तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार. पूर्वी मेढी ठोकून, त्यांत बांबू आणि फांद्या विणून, गवताची ढेकळे आणि चिखल लिंपून बांध उभा करीत. आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून त्या थरावर थर रचतात. सरकारी कागदांत त्याला वनराई बंधारा म्हणतात. पद्धत बदलली तरी कामाचा क्रम तोच. आधी पाण्याचा जोर एका बाजूने काढून द्यायचा, मग दुसऱ्या बाजूने भिंत उचलत आणायची, आणि शेवटची तीन हातांची फट एका दमात बुजवायची. त्या वेळी पाण्यात उभे असलेल्यांनी आरडाओरडा केलाच पाहिजे, असा अलिखित नियम आहे. फट बुजली, की व्हाळ क्षणभर गप्प होतो. मग पाणी बोटाबोटाने चढू लागते आणि संध्याकाळपर्यंत पाटाच्या तोंडाशी येते. पहिले पाणी पाटात शिरले, की कोणीतरी नारळ फोडतो.

रापण ओढणाऱ्यांत जसा दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो, तसाच बांधाला हात लावणाऱ्याचा पाण्यात वाटा. कोणाची पाळी सकाळी, कोणाची दुपारी, कोणाची आठवड्यातून दोनदा. जुन्या काळी सावली मोजून पाळ्या बदलत. आता मोबाइलच्या घड्याळावर बदलतात, आणि भांडणे मात्र पूर्वीइतकीच होतात.

काकींच्या हाताखाली मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात एकत्र मिळाले नसते. लाल माठाचे बी राखेत कालवून फेकायचे, म्हणजे ते मुठीतून दाट पडत नाही. मुळ्याचा वरंबा उंच, कारण कंदाला खाली मोकळी माती हवी. खाऱ्या वाऱ्याच्या अंगाला चुडतांची वई दाट घालायची, नाहीतर कोवळ्या पानांच्या कडा करपतात. मिरचीच्या बुंध्याशी सुक्या मासळीची कुटी थोडीच घालायची आणि लगेच माती ओढायची. उघडी राहिली तर रात्री कोल्हे आणि सकाळी कावळे. तारलीचे पीक उदंड आले, की ती माडांच्या मुळाशी पुरण्याची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे. समुद्र असा मागच्या दाराने मळ्यात येतो.

आणि राख. मावा पडला, अळी दिसली, की काकी चुलीतली राख चाळून आणतात. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारले, “काकी, राख दुपारी टाकली तर नाही का चालणार? सकाळी कॉलेज असते.”

“दव आसताना मारूची, मास्तरानू,” त्या म्हणाल्या. “सुक्या पानार राख ऱ्हवणा नाय. तुमचा कालेज आणि किडीचा पोट, दोनय सकाळीच उघडतत.”

तेव्हापासून मी पहाटे साडेपाचला मळ्यात असतो. त्या वेळी पाटाच्या पाण्यावर हलकी वाफ असते. दूर समुद्राची गाज ऐकू येते, पण समुद्र दिसत नाही. माठाची पाने पालथ्या हाताला ओली लागतात. सूर्य टेकडीवर येईपर्यंतचा हा तासभर मी कोणालाही देणार नाही. पूर्वी या वेळी लाटेचा कुरकुर आवाज मळाभर ऐकू येई, असे काकी सांगतात. लाट म्हणजे विहिरीवरचा तो लांब दांडा. एका टोकाला दगड, दुसऱ्याला दोरीने बांधलेले भांडे. माणूस दोरी ओढून भांडे खाली नेतो आणि दगड ते वर आणतो. आता पाणी उपसायला विजेचा पंप आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर लाटेचे दोन जांभे खांब तेवढे उभे आहेत. त्यांवर वालीची वेल छान चढते.

वहीची गोष्ट अशी. पहिल्या हिवाळ्यात मी फक्त तारखा टिपत होतो: कोणते बी कधी पेरले, कधी उगवले, पाणी कधी मिळाले. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७५१ साली आपल्या परसाची अशीच रोजनिशी सुरू केली आणि पुढे १७८९ साली त्याच सवयीतून एक अजरामर ग्रंथ जन्माला आला. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले, आणि बारा महिने डोळे उघडे ठेवून पाहणे हाही वाङ्मयाचा विषय आहे, हे मराठी वाचकाला पटले. मी ‘ऋतुचक्र’ वर्गात शिकवताना मुलांना विचारीत असे, तुमच्या घरामागे आज काय फुलले आहे? उत्तर येत नसे. मग मी वहीतले एक पान मराठी विभागाच्या भित्तिपत्रकावर लावू लागलो. दर सोमवारी एक पान. वर लिहिलेले: ‘मळ्यातून’.

पहिले तीन आठवडे कोणी पाहिलेही नाही. चौथ्या सोमवारी पानाच्या कडेला पेन्सिलीने कोणीतरी लिहिले होते: ‘सर, आमच्याकडे याला हे म्हणत नाहीत.’ मला एवढे बरे क्वचितच वाटले असेल. मग अशा दुरुस्त्यांचा ओघ सुरू झाला. देवबागेच्या मुलीने वाळूत भाजी करताना आळ्याच्या तळाशी काय घालतात ते लिहून आणले. आचऱ्याकडच्या मुलाने पाण्याच्या पाळीला त्याच्या वाडीत असलेला शब्द सांगितला, तर शेजारच्याच गावच्या मुलाने तो हाणून पाडला. एका मुलाने घरी विचारून सबंध यादी आणली आणि खाली लिहिले, ‘आजयेन सांगल्यान.’ ज्या मुलाला निबंधात चार ओळींच्या पुढे जाता येत नव्हते, त्याने वांदरांना हुसकावण्यावर दोन फुलस्केप भरून मजकूर दिला, आणि तो मी जसाच्या तसा लावला. माझ्या पानापेक्षा त्या पानाभोवती गर्दी जास्त होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

वांदरांचा प्रश्न थट्टेचा राहिलेला नाही. माकडे आणि वांदर यांच्या टोळ्या आता भरवस्तीत येतात. माडावरची कोवळी शहाळी, वालीच्या शेंगा, काकडी, कलिंगड, काही सोडत नाहीत. कित्येकांनी केवळ त्यांच्या त्रासाने परसातली भाजी बंद केली. घाटावरून रोज पहाटे ट्रक भरून भाजी उतरते. कोल्हापूर, बेळगावची कोबी-फ्लॉवर बाजारात बसल्या जागी मिळते. मग राखणीला बसायचे कोणी? तरणी मुले मुंबईत, किंवा इथेच पाहुण्यांच्या सरबराईत. त्यांचेही चुकत नाही. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे आणि एका वाफ्यातल्या माठाच्या जुड्यांचे पैसे यांची तुलना केली, तर शहाणा माणूस खोलीच बांधील.

निसर्गाचेही वेळापत्रक बिघडले आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ या किनाऱ्यावरून गेले, ते नेमके मळे पेरण्याच्या दिवसांत. २०१९ च्या ऐन दिवाळीत क्यार वादळाने कापणीला आलेले भात शेतातच आडवे केले आणि किनाऱ्यावर समुद्र घरांच्या दारापर्यंत आणला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते येऊन गेले, तेव्हा माड, आंबे आणि विजेचे खांब एकमेकांवर पडले. वहीच्या सहा वर्षांत आमचा माठ पेरण्याचा दिवस एकदाही त्याच आठवड्यात आलेला नाही.

पण मळ्याचे खरे मरण वादळात नाही, पाण्यात आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडे पाणी कसे मिळते, याचे नवल पाहुण्यांना वाटते. भर समुद्रातल्या सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. त्यांचे पाणी पिऊन लोक चमत्कार म्हणून हात जोडतात. चमत्कार पावसाचा आहे. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते. किनाऱ्याच्या वाळूत ते खाऱ्यावर तरंगून राहते, तेलाचा थर पाण्यावर राहावा तसे. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ काकींना गणित न शिकता ठाऊक आहे: वरचे एक फूट पाणी उपसून संपवले, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकते. एकदा विहीर खारावली, की ती पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील ते सांगता येत नाही. किनाऱ्यावर जेवढे पंप वाढतील आणि टेकडीकडचे पाणी जेवढे कमी मुरेल, तेवढा हा धोका वाढणार. व्हाळावर दर हिवाळ्यात घातलेला कंबरभर बांध केवळ भाजी पिकवत नाही. अडलेले पाणी मुरून खालच्या वाडीतल्या विहिरी मार्च-एप्रिलपर्यंत गोड्या ठेवतो.

जुन्या लोकांना हे कळत होते. मालवणहून कुडाळकडे जाताना धामापूरचा तलाव लागतो. विजयनगरच्या अमलात नागेश देसाई यांनी १५३० साली तो बांधला, असे सांगतात. दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध, काठावर भगवतीचे देऊळ, आणि खाली सुपारीच्या बागा व भातशेती. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांत जागा दिली. पाहुण्यांपैकी एखादा चुकून तेथे जातो, शांत पाण्याचे छायाचित्र काढतो आणि परत किनाऱ्याला लागतो. बांधाच्या खाली उतरून, ते पाणी जाते कोठे, हे पाहणारा मला अजून भेटायचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या बांधावर कठीण प्रसंग आला. मळ्याच्या वरच्या अंगाची जमीन एका गृहस्थांनी विकत घेतली. सज्जन माणूस, मुंबईत मोठी नोकरी करून निवृत्त झालेला; येथे घर आणि दोन-चार खोल्या बांधायच्या होत्या. त्यांनी कायदेशीर मोजणी करून चिऱ्यांचा गडगा घालायला घेतला. आमचा पाट त्यांच्या जमिनीतून तीस-चाळीस पावले जातो. त्याचा कागद कोठेच नव्हता. पाट आमच्या आजोबांच्या आधीपासून वाहतो, एवढाच पुरावा. आणि पाट अडला तर बांध कशाला घालायचा? बावीस तुकड्यांपैकी त्या वर्षी नऊच तुकडे पेरले जाणार होते. काकींच्या मुलाचा मुंबईहून फोन आला, की आता पुरे, तुझे वय झाले, जमिनीला भाव आहे तोवर विचार कर. काही मंडळी तहसील कचेरीत अर्ज करायच्या गोष्टी बोलू लागली. मीही अर्जाचा मसुदा लिहून दिला होता. मराठीच्या प्राध्यापकाकडून गाव दुसरी काय अपेक्षा करणार?

काकींनी अर्ज वाचायला सांगितला, शांतपणे ऐकला आणि घडी घालून कनवटीला लावला. दुसऱ्या दिवशी टोपलीत परसातला माठ, चार मुळे आणि उकडलेली कणगरे घेऊन त्या वरच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. गृहस्थांनी खुर्ची दिली. काकी पायरीवर बसल्या. घर कसे चालले आहे, चिरे कोठून आणले, सूनबाईंना इथली हवा मानवते का, अशी अर्धा तास विचारपूस झाली. पाटाचे नावही निघाले नाही. उठताना त्या म्हणाल्या, “तुमची विहीर बरी लागली. पानी गोडा आसा. आमचो बांध असता म्हणान ता गोडा. पाट बंद झालो तर आमी बांध घालूचव नाय. मगे दोन वर्सांनी चाखून बघा. पाण्याक तुमचा-आमचा कळणा नाय, भाऊ. ता खाली जाता.”

गृहस्थांनी काही उत्तर दिले नाही. पण आठ दिवसांनी गडगा पुरा झाला, तेव्हा त्यात पाटाच्या जागी दोन हात रुंद मोरी सोडलेली होती.

राहिला बांध. नऊ तुकड्यांची मिळून अकरा माणसे, त्यांत पाण्यात उतरू शकणारी पाच. मी भित्तिपत्रकाच्या पानाच्या शेवटी नुसती तारीख आणि वेळ लिहिली. रविवारी सकाळी चौदा मुले आणि सहा मुली आल्या. त्यांतल्या चौघांना काम ठाऊक होते. बाकीच्यांनी गोण्या भरल्या, वाहिल्या, आणि शेवटची फट बुजताना आरडाओरडा मात्र नियमाप्रमाणे केला. दुपारी दोनला पाणी पाटात शिरले. मोरीतून ते पलीकडे गेलेले पाहायला वरचे गृहस्थही गडग्याशी येऊन उभे होते. नारळ त्यांनीच आणला होता.

संध्याकाळी मुले गेल्यावर काकी बांधाकडे पाहत म्हणाल्या, “ह्या वर्सा झाला. फुडल्या वर्साचा काय?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही. मोरी आहे, पण कागद नाही. मुले आली, पण ती तीन वर्षांनी पदवी घेऊन गाव सोडतील. काकींचा मुलगा दर महिन्याला फोन करतो, आणि त्याचेही म्हणणे आईच्या काळजीपोटीच आहे. एका हिवाळ्यापुरते पाणी अडवता येते. त्यापलीकडचे कोणी अडवायचे, हे ठरायचे आहे.

त्या हिवाळ्यात मळा चांगला आला. माठाच्या तीन तोडण्या झाल्या. मुळा एवढा झाला, की मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेजारीपाजारी वाटून उरला. माशांच्या गावात भाजीला वारापुरताच मान. म्हणून मळेकरी सोमवार आणि गुरुवार धरून तोडणी करतात, हा व्यवहार मी वहीत पहिल्याच वर्षी लिहून ठेवला आहे. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरली, तेव्हा मुंबईची माणसे घरोघरी उतरली. त्या जत्रेला तिथीचे बंधन नाही. देवीचा कौल मिळाला, की तारीख जाहीर होते आणि लाखो माणसे लोटतात. काकींचा मुलगाही आला. एका सकाळी तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटात उभा असलेला मी पाहिला. काय ठरवले, ते मी विचारले नाही. जाताना त्याने मिरच्या मात्र पिशवीभर नेल्या.

फाल्गुनात पाणी कमी झाले. काकींनी बियाण्यासाठी राखलेली माठाची ताटे कापून उन्हात घातली, वालीच्या सुक्या शेंगा फोडल्या, दुधीचे बी राखेत घोळवले. सगळे काचेच्या बाटल्यांत भरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्या लिहवून घेतल्या. बाटल्या नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होत्या. मी म्हणालो, “काकी, एवढे बी आपल्याला कशाला? बाजारात द्यायचे का?”

“बियाणा विकूचा नसता, देवचा असता,” त्या म्हणाल्या, आणि कोणाकोणाला द्यायचे ती नावे सांगू लागल्या. त्या वीस मुलांची नावे त्यांना पाठ होती. शेवटची बाटली वरच्या घरची.

या दिवाळीपर्यंत त्यांतल्या नऊ मुलांनी आपापल्या परसात वाफे केले असल्याचे मला सांगितले आहे. आमच्या मळ्यात यंदा बारा तुकडे पेरले जातील, असा अंदाज आहे. बांध तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी, सकाळी सातला. ज्यांना समुद्र पाहून झाला असेल त्यांनी यावे. रिकाम्या गोण्या आम्ही जमवल्या आहेत. येताना एक घमेले आणि भिजले तरी चालतील असे कपडे आणावेत.